वाय गुणसूत्राचा गट जुळला म्हणजे कूळ एकच?

‘डीएनए चाचणीत दोघांचा हॅप्लोग्रुप (वाय गुणसूत्राचा गट) सारखा आला, म्हणजे दोघं एकाच घराण्याचे,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटण्यासारखा वाटतो, कारण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं येतं.

पण हॅप्लोग्रुप ही फार जाड फांदी आहे. आर१ए सारख्या गटाचा मूळ पुरुष हजारो वर्षांपूर्वीचा; आज त्या गटात कोट्यवधी पुरुष आहेत. त्यामुळे गट वेगळा असेल तर अलीकडच्या काळातला सामाईक पितृपूर्वज नाही, हे ठामपणे सांगता येतं. गट सारखा असला, तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

पडताळण्यासाठी वाय गुणसूत्रावरचे एसटीआर मार्कर पाहा, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो अशा जागा. फक्त १२ मार्कर जुळले तर तो योगायोगही असू शकतो. किमान ३७ तपासा. ३७ पैकी एक-दोन वेगळे आले म्हणून नातं लगेच नाकारू नका, काही मार्कर फार पटकन बदलतात. नेमकी पिढी मात्र यातून कळत नाही, फक्त अंदाज मिळतो. वंशावळीच्या दोन दूरच्या शाखांतल्या पुरुषांचे नमुने तपासणं सर्वांत भरवशाचं. त्यांचे जुळले, तर मधला कागदोपत्री दुवाही पक्का होतो.

आणखी एक: दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाबद्दल बोलतं. स्त्रियांमध्ये ते नसतंच, म्हणून त्यांना वडील, सख्खा भाऊ किंवा काका यांचा नमुना द्यावा लागतो.