इंजिनाचे सागरीकरण (मोटारगाडीचे इंजिन बोटीला बसवणे)

बोटीचे इंजिन निकामी झाल्यावर त्याच्या जागी मोटार, जीप, टेम्पो किंवा ट्रकमधून उतरवलेले इंजिन पाण्यावर चालण्याजोगे करून बसवणे, याला सागरीकरण म्हणतात. धक्क्यावर हा शब्द ऐकू येत नाही. तिथे ‘इंजिन मरीन करणे’ असेच बोलतात.

हा केवळ गरिबाचा जुगाड नव्हे. कारखानेही तेच करत आले आहेत. ॲम्बेसिडर गाडीत पुढे जे १४८९ घनसेंमीचे डिझेल इंजिन आले, तेच ब्रिटनमध्ये मरीन रूपात विकले जाई आणि तिथल्या कालव्यांतल्या बोटींत अजूनही धडधडताना सापडते. अशोक लेलँडनेही ट्रक-बसच्या इंजिनांवरून मरीन इंजिने बेतली. म्हणजे ब्लॉक, पिस्टन, क्रँक तेच राहतात. बदलते ते त्यांच्याभोवतीचे सगळे. भंगारात इंजिन स्वस्त मिळाले म्हणून खूश झालेल्या नाखव्याचा हिशेब चुकतो तो इथेच, कारण खर्चाचा मोठा वाटा त्या भोवतालच्या सामानाचा असतो.

मूळ इंजिन कशाने जाते

मुंबईच्या पाण्यात पहिला संशयित म्हणजे प्लास्टिकची पिशवी. बोटीच्या तळातल्या भोकातून समुद्राचे पाणी ओढून इंजिन थंड ठेवले जाते. पिशवी त्या तोंडावर चिकटली की पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरतो आणि थोड्याच वेळात त्याच्या पात्या फाटतात. खाडीतल्या बोटींना दुसरा त्रास गाळाचा. ओहोटीला बोट चिखलात बसते, तांडेल (बोट चालवणारा) पाणी पुरते चढण्याआधीच इंजिन सुरू करतो आणि पंप पाण्याऐवजी राड ओढतो. दोन्हींचा शेवट एकच: हेड (सिलिंडरांवरचे झाकण) तापून वाकते, गॅस्केट (त्याखालची सांधा बंद ठेवणारी चकती) जाते.

तिसरे कारण सायलेन्सरकडून येते. धुराच्या नळीची रचना चुकली तर बंद इंजिनात समुद्राचे पाणी उलटे चढून सिलिंडरात उतरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड वाकायच्या आत हे लक्षात आले, तर इंजेक्टर काढून पाणी बाहेर उडवायचे, गोड्या पाण्याने धुऊन आत डिझेल-तेल फवारायचे आणि त्याच दिवशी इंजिन फिरवायचे. मग ते वाचू शकते. दोन दिवस तसेच राहिले तर रिंगा गंजून धरतात. बोअर, रिंगा, बेअरिंग, हेड सगळेच करायची पाळी आली की दुसरे इंजिन शोधणे सुरू होते.

पाणी

गाडीत रेडिएटर असतो आणि समोरून वारा येतो. बोटीत इंजिन लाकडी पेटीत कोंडलेले. जळणाऱ्या डिझेलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश शाफ्टला मिळते, जवळपास तितकीच धुरातून जाते, उरलेली मुख्यतः थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले हे पाणी ओतीव लोखंड खातेच, शिवाय ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे क्षारांचा थर धरू लागते. इंजिन त्याखाली चालवावे तर ते नीट तापत नाही आणि डिझेल अर्धवट जळते. म्हणून हीट एक्स्चेंजर लावतात. ब्लॉकमध्ये गोडे पाणी आणि कूलंट बंद फेरीत ८०-९० अंशांवर फिरते. समुद्राचे पाणी एक्स्चेंजरमधल्या बारीक नळ्यांतून जाऊन त्याची उष्णता घेते. एक्स्चेंजरमध्ये जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. तो मुद्दाम झिजण्यासाठीच असतो, म्हणजे तांब्या-पितळेचे भाग वाचतात. वर्षभरानंतरही जस्त जसेच्या तसे दिसले तर आनंद मानू नये. ते धातूला नीट टेकलेले नाही आणि काम करत नाही, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो.

दुसरी पद्धत म्हणजे बोटीच्या तळाला बाहेरून नळी लावून कूलंट तिच्यातूनच फिरवणे. यात थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घ्यावेच लागत नाही. नळीवर शेवाळ आणि शिंपले धरतात, ते खरवडावे लागतात; पण गाळाच्या आणि पिशव्यांच्या खाडीत हीच पद्धत अधिक शहाणपणाची ठरते.

एक्झॉस्ट मेनिफोल्डचाही (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचाही) विचार हवा. गाडीत तो उघड्यावर तापतो, बोटीच्या पेटीत मात्र आग लावू शकतो. म्हणून पाण्याचे आवरण असलेला मेनिफोल्ड बसवतात किंवा धुराची नळी उष्णतारोधक पट्ट्यांनी गुंडाळून सरळ वर काढतात. धुरात पाणी सोडायचे असेल तर पाण्याची नळी पाणरेषेच्या पुरेशी वर कमान करून न्यावी आणि तिला हवेचे तोंड ठेवावे; वर सांगितलेला उलटा चढणारा ओघ तिथेच तुटतो. पत्र्याचा ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची परात) आणि ब्लॉकवरच्या पत्र्याच्या टोप्या खाऱ्या दमट हवेत लवकर सडतात. टोप्या पितळी घालता येतात. संपाला रंगाचे जाड थर द्यावे लागतात, कारण इंजिन एकदा पेटीत बसले की त्याच्या खाली हात जात नाही.

गिअर, शाफ्ट, पंखा

गाडीचाच गिअरबॉक्स ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पंखा (बोटीचा प्रोपेलर) पाण्याला मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट तितक्याच जोराने पुढे रेटला जातो, आणि तो रेटा झेलणारे बेअरिंग गाडीच्या गिअरबॉक्सात नसते. मरीन गिअरमध्ये ते असते. शिवाय पुढे, न्यूट्रल, मागे एवढेच आणि सोबत २:१ किंवा ३:१ अशी फेऱ्यांची घट. इंजिनाचा फ्लायव्हील आणि हा गिअर यांच्यामध्ये मापाची ॲडॅप्टर प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. पंख्याची फिरण्याची दिशाही आधीच तपासावी. ती उलटी निघाली तर गिअर पुढे टाकल्यावर बोट मागे जाते आणि धक्क्यावर पंधरा दिवसांची करमणूक होते.

पंखा पाण्यात फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० टक्के फेऱ्यांना जवळपास निम्मीच शक्ती पुरते, पण शेवटच्या २० टक्क्यांना उरलेली सगळी. गाडी रस्त्यावर पूर्ण ताकद क्वचित आणि क्षणभर वापरते. बोट तासन् तास एकाच भारावर चालते. तेव्हा गाडीच्या कागदावरची अश्वशक्ती बोटीला लागू धरू नये. जास्त ताकद लावून वेगही फारसा मिळत नाही. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: पाणरेषेवर २५ फूट लांब बोट सुमारे ६.७ नॉटला अडते, त्यापुढे फक्त डिझेल जळते.

लाटेत पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला की भार एकदम जातो आणि इंजिन किंचाळते. काही गाडी-इंजिनांच्या डिझेल पंपातला गव्हर्नर (फेऱ्या आवरणारा भाग) किमान आणि कमाल फेऱ्याच सांभाळतो, मधल्या नाही. बोटीला प्रत्येक फेरीवर धरून ठेवणारा गव्हर्नर हवा. पंपवाल्याला हे स्पष्ट सांगावे.

कोणते इंजिन घ्यावे

टॅक्सीतून उतरलेले पेट्रोल-सीएनजी इंजिन मुंबईत स्वस्त पडते, तरी ते बोटीच्या पोटात घालू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साठते आणि स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते. डिझेलमध्येही जुने, यांत्रिक पंपाचे इंजिन निवडतात. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) गाड्यांची डिझेल इंजिने संगणकावर चालतात. सेन्सर, वायरिंग आणि चावीचे कुलूप सगळे गाडीतून जसेच्या तसे आणले नाही तर ती सुरूच होत नाहीत, आणि आणले तर खारा वारा पहिला घाला जोडांवर घालतो.

शोधाची वाट बहुधा कुर्ल्याच्या गाड्यांच्या भंगार बाजारातून जाते. पण मुंबईच्या बंदरालगतच्या दारूखान्यात आधी एक फेरी मारावी. तिथे जहाजे तोडली जात आली आहेत. त्यांच्या जीवरक्षक बोटींचे इंजिन हाती लागले तर ते मुळात मरीनच असते आणि या नोंदीतला निम्मा मजकूर गैरलागू होतो.

बसवणे, चाचणी, नोंद

मोठे काम १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत, बोटी शाकारलेल्या (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या) असताना उरकतात. नारळी पौर्णिमेचा मुहूर्त डोक्यावर असल्याने शेवटचा आठवडा घाईचा जातो आणि चुका त्यातच होतात. सर्वांत नडणारी चूक शाफ्टची रेषा जमिनीवरच पक्की करण्याची. लाकडी बोट पाण्यात उतरल्यावर आपला आकार किंचित बदलते. म्हणून आधी अंदाजे बसवावे, मग बोट भरतीवर तरंगत असताना कपलिंगच्या (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांच्या) दोन तोंडांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी आणि फरक ०.१ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत इंजिनाच्या पायांखाली पत्र्या घालाव्यात. नवे इंजिन जुन्यापेक्षा हलके असेल तर बोटीचा तोल बदलतो. बॅटऱ्या, टाकी किंवा वजनाचे दगड सरकवून तो जुळवतात.

पहिली चाचणी धक्क्याला जाड दोर बांधून, गिअर टाकून करतात. खुल्या पाण्यातली चाचणी इतर बोटींच्या वाटेपासून दूर करावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. इंजिन हाताबाहेर जाऊ शकते हे गृहीत धरूनच ते बंद करण्याची दोरी किंवा कळ तांडेलच्या हाताशी ठेवावी.

इंजिन बदलल्यावर नव्या इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती मत्स्यव्यवसाय विभागाकडच्या नोंदीत बदलून घ्यावी लागते; म्हणून भंगारवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रवासी लाँचना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तपासणीतून जावे लागते आणि तिथे घरगुती सागरीकरणाला फारशी दाद मिळत नाही.

वीस-पंचवीस तास चालल्यावर तेल बदलून कपलिंगची फट पुन्हा मोजतात. काढलेले तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. आधी ऑइल कूलर, मग हेड गॅस्केट तपासावे.