दगडाची धास्ती: किल्लारीच्या भूकंपानंतरचं घर आणि मन

हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ च्या सकाळी भूकंपाचे धक्के बसले. मोठ्या धक्क्याची तीव्रता दोन्ही दिवशी ४.५ च्या आसपास होती. लोक घराबाहेर आले आणि बहुतेकांच्या तोंडी एकच नाव आलं, किल्लारी. मराठवाड्यात भूकंप मोजायचं खरं माप रिश्टर नाहीच, किल्लारी आहे. ज्यांचा जन्म १९९३ नंतरचा, तेही याच मापाने घाबरतात. ही धास्ती कशी तयार झाली, तिने घरबांधणीवर काय परिणाम केला आणि त्या घरांनी पुढे माणसांच्या मनावर काय केलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात भूकंपाच्या एक वर्ष आधीपासून करावी लागते.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून लहान धक्के आणि जमिनीखालचे आवाज सुरू झाले होते. त्यातला मोठा धक्का १८ ऑक्टोबर १९९२ चा, तीव्रता सुमारे ४. घाबरलेली माणसं अंगणात, शेतात झोपू लागली, गाव हलवण्याची मागणीही झाली. पण तेव्हाच्या अधिकृत नकाशात हा भाग भूकंपप्रवणतेच्या सर्वात खालच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. दख्खनचं पठार म्हणजे पक्की, न हलणारी जमीन हा समज अभ्यासकांतही रुजलेला. दिवस गेले, धक्के विरळ झाले, माणसं पुन्हा घरात झोपू लागली. त्यांना निष्काळजी म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. प्रत्येक धक्क्यानंतर काहीच पडलं नाही, की मन त्यातून ‘आपलं घर टिकतं’ असा धडा घेतं. वर सरकारी नकाशाही तेच सांगत असेल तर सावध राहायला कारण उरत नाही. सततची भीती माणसाला पेलवतही नाही, काही आठवड्यांत तिची जागा सवय घेते. त्या अकरा महिन्यांत कुणी छतावरची माती उतरवा असं सांगितलं असतं आणि लोकांनी ऐकलं असतं, तर पुढचा आकडा बराच लहान राहिला असता.

अनंत चतुर्दशीची रात्र उलटून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. विसर्जन उरकून गावं गाढ झोपेत होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता मोजण्याच्या पद्धतीनुसार ६.२ ते ६.४ सांगितली जाते. केंद्र जमिनीच्या अगदी वरच्या थरात, काही किलोमीटर खोलीवर. लातूर जिल्ह्यातला औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा हे तालुके सर्वाधिक उद्ध्वस्त झाले. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. या तीव्रतेच्या भूकंपाला हा आकडा फार मोठा आहे, आणि त्याचं उत्तर जमिनीपेक्षा भिंतीत सापडतं.

इथलं जुनं घर म्हणजे माळवदाचं, धाब्याचं घर. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर आडवी लाकडं, फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा हात फिरायचा, त्यामुळे थर वर्षागणिक वाढत जायचा. कुठे एक फूट, कुठे दोन फुटांच्याही वर. दाबलेल्या मातीचा एक घनफूट साधारण ४५ ते ५० किलो भरतो. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती असेल तर दीडशे घनफूट, म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर सात टन.

भिंत दोन ते तीन फूट जाडीची, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. उन्हापासून आणि चोरांपासून बचाव हा जाडीमागचा हेतू. पण ही भिंत दिसायला एक आणि प्रत्यक्षात दोन होती: बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे माती आणि खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो क्वचितच टाकलेला. जोडणी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये नाही, मातीत. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत मुरलं की मधली माती खाली बसते आणि भिंतीला पोट येतं. धक्का बसला की ते पोट फुटतं, बाहेरचा थर बाहेर आणि आतला थर आत, झोपलेल्यांवर. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला होता आणि त्याच्याभोवतीच्या भिंतींचा ढिगारा झाला होता. अनेक जण दगडाखाली चिरडून नव्हे, मातीच्या धुळीत गुदमरून गेले.

इथे मनाचा भाग सुरू होतो. अभियंत्यांच्या लेखी गुन्हेगार होता जोड: आरपार दगडाचा अभाव, कोपऱ्यांची सैल बांधणी, छतावरचं ओझं. वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र दगड होता. हातांनी उपसलेला, घरच्या माणसाच्या अंगावरून काढलेला. भीती दिसणाऱ्या वस्तूला चिकटते, न दिसणाऱ्या जोडाला नाही. दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव हे समीकरण त्या काही दिवसांत पक्कं झालं, आणि पुढची अनेक वर्षं कोट्यवधी रुपयांचे निर्णय त्यावर झाले.

या भीतीला शारीरिक बाजूही होती. मुख्य भूकंपानंतर लहान धक्के अनेक महिने चालू राहिले. ट्रक गेला, भांडं पडलं, तरी माणसं दाराकडे धावत. भिंतीच्या आत झोप लागत नसे. भूकंपानंतर महिनाभरात वाचलेल्यांची मानसोपचारतज्ज्ञांनी जी तपासणी केली, तिच्यात अर्ध्याहून अधिक जणांना निदान करण्याजोगा त्रास होता. आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य हे त्यात सर्वात पुढे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे या भागात मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यासही केला. आपत्तीनंतर अन्न, कपडे, तंबू याबरोबर मनाचीही मदत लागते हा विचार आपल्याकडच्या यंत्रणेत रुजला, त्यात किल्लारीच्या कामाचा वाटा मोठा आहे.

पुनर्वसनाचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिला. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली. त्याखालच्या नुकसानीच्या गावांना जागच्या जागी बांधकाम. तिसरा गट सर्वात मोठा, दोन लाखांच्या आसपास घरांचा: यांची घरं उभी होती, फक्त दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्यासाठी नुकसानीनुसार १७ हजार आणि ३४ हजार रुपयांची मदत ठरली, हप्त्याहप्त्याने.

मजबुतीकरणाची पद्धत अवघड नव्हती. छतावरची माती उतरवून सहा ते आठ इंचांवर आणायची आणि गळती थांबवायला मधे प्लॅस्टिकचा कागद घालायचा. दहा बाय दहाच्या खोलीवरचं चार-पाच टन ओझं एवढ्यानेच कमी होतं. मग खांब आणि तुळई यांच्यात तिरके लाकडी ठोकळे, म्हणजे सांगाडा एका बाजूला कलत नाही. भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि चार फुटांच्या अंतराने एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. झाला हेडर. पहारीने ठोकून भोक पाडलं तर आजूबाजूची भिंत सुटते, म्हणून घाई चालत नाही. शेवटी दरवाजा-खिडक्यांच्या वर, घराच्या चारही भिंतींना कवेत घेणारा जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा.

लोकांनी यातलं फारसं केलं नाही. आलेल्या पैशातून जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक लहान खोली बांधली, ती सगळ्यांत सुरक्षित म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटला. पण ज्या भिंतीने माणसं मारली, त्याच भिंतीत सळई घालून तिच्या आत झोप असं सांगणं म्हणजे मनाकडून अशक्य गोष्ट मागणं होतं. नव्या खोलीत निदान झोप लागत होती. तोटा असा की जुनं घर तसंच राहिलं: जनावरं, धान्य, म्हातारी माणसं, स्वयंपाक सगळं त्याच सात टनांखाली. नव्या खोलीला पट्टे नीट घातले नसतील, वाळू मातकट असेल, बांधकामावर पाणी मारलं नसेल, तर तीही फार भरवशाची नाही. धास्ती कमी झाली, धोका तेवढा नाही.

जिथे ही कोंडी थोडी फुटली तिथे एक साधी युक्ती होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. शासनाचा निर्णय घरात समजावायचा, हप्ता अडला तर विचारायचं, गवंडी काय करतो त्यावर नजर ठेवायची. पट्टा कुठे येणार, सळई किती जाडीची, हे ज्या बाईला स्वतः कळलं, तिच्या भीतीला काम मिळालं. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर याच भागातल्या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना अनुभव सांगून आल्या. गुजरातमध्ये बहुतेक घरमालकांनी ठेकेदाराऐवजी स्वतः घर बांधण्याचा मार्ग घेतला, त्याला लातूरच्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे.

हलवलेल्या ५२ गावांची गोष्ट याच्या उलट. तिथे घरं जोडाच्या दृष्टीने भक्कम झाली. जमीनधारणेनुसार अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं, सरळ रेषेतले रुंद रस्ते, मोकळे प्लॉट. घर पडलं तरी रस्ता अडू नये हा हेतू योग्यच होता. पण गाव पसरलं. भावकीची गल्ली तुटली, ओटा गेला, शेत लांब पडलं, गुरांना आणि कडब्याला जागा उरली नाही, उन्हाळ्यात स्लॅबखाली दुपार काढणं अवघड झालं. दार थेट रस्त्यावर उघडत असल्याने बायकांचं अंगण संपलं. आघातातून सावरताना माणसाला जे सर्वात जास्त लागतं, म्हणजे सहज भेटणारी ओळखीची माणसं, तेच नव्या आराखड्याने पातळ केलं. नुकसानभरपाईचा पैसा हाती आणि घरात माणूस नाही, अशा पुरुषांमध्ये दारू वाढल्याच्या तक्रारी त्या काळात सतत येत होत्या. सुरक्षिततेचं गणित फक्त भिंतीपुरतं केलं की असं होतं. नकाशा आखणाऱ्यांनी गल्लीलाही एक आधार मानायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत.

मग काळ गेला आणि धास्तीही विरली. कुटुंबं वाढली, भक्कम घराला लोकांनी स्वतःच जोडखोल्या काढल्या, कुठे जुन्या गावातून आणलेल्या दगडाच्या, बहुतेक ठिकाणी पट्ट्यांविना. मूळ घर आणि जोडखोली यांच्यात मोकळी फट न ठेवता भिंत चिकटवली की धक्क्यात दोन्ही वेगवेगळे हलतात आणि एकमेकांवर आदळतात. दगड पुन्हा वापरात आला ही तक्रार नाही, आरपार दगड आणि पट्टा असलेली दगडी भिंत चांगली टिकते. जोडाचा धडा मात्र दगडाच्या धास्तीबरोबरच विसरला गेला, कारण तो मुळात शिकवलाच गेला नव्हता. कागदावर बदल झाला: भूकंप विभागांच्या २००२ च्या सुधारणेत पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला.

भीती स्वतःच जीव घेऊ शकते, हे पालघरने दाखवलं. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज बातम्यांत असे. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा पळापळीत पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. प्रशासनाने तंबू दिले, लोक थंडीत बाहेर झोपले. अशा मालिकांत ‘आज रात्री अमुक वाजता मोठा येणार’ हे निरोप हमखास फिरतात. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची पद्धत आज कुठेच उपलब्ध नाही, त्यामुळे वेळेसह आलेला प्रत्येक निरोप खोटा असतो.

धक्के चालू असलेल्या गावात आज करता येण्याजोगं काम घरापासून सुरू होतं. भिंतीला ओळंबा लावून पोट पाहायचं. इंच-दोन इंच फुगवटा असेल तर त्या भिंतीलगतचं अंथरूण हलवायचं. माळवदावर सळई खुपसून मातीची जाडी मोजायची आणि पावसाळ्याआधी नवा थर चढवण्याऐवजी जुना उतरवायचा. उतरवताना एका बाजूने सगळी माती काढू नये, तुळई एकांगी होते. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढावी. झोपायची जागा दाराजवळ, दाराला रात्री एकच कडी, वाटेत पेटी किंवा पोती नकोत. लहान मुलाला कुणी उचलायचं हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे अंधारात दोघं एकाच मुलाकडे धावत नाहीत. पुढे हेडर आणि पट्ट्याचं काम काढायचं ठरलं तर आधी पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याला भिंत दाखवावी.

मोठ्या धक्क्यानंतर काही रात्री झोप न लागणं, आवाजाला दचकणं, घरात जायला नको वाटणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, कामावर जाणं किंवा जेवण सुटलं असेल, किंवा दारूशिवाय झोप येत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा आणि रात्रीही.