बोट कोणतं, कुठल्या हाताचं?

डिस्चार्ज कार्डावर किंवा विम्याच्या क्लेम फॉर्मवर निदानाशेजारी कधी कधी 'एम ६५.३' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही आजाराची स्टेज आहे, आकडा जितका मोठा तितकं दुखणं गंभीर, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चुकीचा आहे. हा आकडा गंभीरपणा मोजत नाही. जगभरातल्या आजारांच्या यादीत तुमच्या आजाराची जागा कोणती, एवढंच तो सांगतो. एम ६५.३ म्हणजे ट्रिगर फिंगर.

सकाळी उठल्यावर मूठ उघडायला जावं, चार बोटं सरळ व्हावीत आणि अनामिका वाकलेलीच राहावी. दुसऱ्या हाताने ओढली की 'कट' असा आवाज होऊन ती सुटते. बोट वाकवणारे स्नायू असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात, आणि त्यांची ओढ बोटापर्यंत पोचते ती कंडरांमधून, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमधून. कंडरा हाडाला धरून राहावी म्हणून वाटेत कडी असतात. बोटाच्या मुळाशी, तळहातात, जे पहिलं कडं असतं ते जाड झालं आणि कंडरेवरही गाठ आली की अडचण सुरू होते. बोट वाकवणारे स्नायू ताकदवान असतात, ते गाठ कड्यातून ओढून नेतात. सरळ करणारे त्यामानाने कमजोर, त्यांना ती परत आणता येत नाही. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हे दुखणं जास्त आढळतं.

या आजाराने कुणी मरत नाही, म्हणून मूळ यादीत त्याला जागा असण्याचं कारणच नव्हतं. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मांडलेली यादी मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेतली आणि सहाव्या आवृत्तीपासून, जिवावर न बेतणारे आजारही त्यात आले. आपल्या कागदांवर दिसते ती १९९० मध्ये मंजूर झालेली दहावी आवृत्ती. अकरावी २०२२ पासून लागू झाली आहे, पण दहावीचा वापर अजून सुरूच आहे.

आता संकेताची फोड करू. 'एम' हे हाडं, सांधे आणि स्नायूंचं प्रकरण. ६५ म्हणजे कंडरा आणि तिच्या आवरणाचा दाह. टिंबानंतरचा ३ म्हणजे ट्रिगर फिंगर. जागतिक आवृत्ती इथे जवळपास थांबते. फार तर जागा दाखवणारा एक जादा अंक जोडता येतो, त्यात ४ म्हणजे हात. पाचही बोटं आणि तळहात त्या एका अंकात. गंमत म्हणजे मनगटाची छोटी हाडं या ४ मध्ये येतात, पण मनगटाचा सांधा मात्र ३ मध्ये, कोपराखालच्या हाताबरोबर.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणलेली आवृत्ती याच्या खूप पुढे जाते, आणि माझा जीव तिच्यातच अडकतो. पुण्यात, नवी मुंबईत बीएस्सी, बीफार्म झालेली कितीतरी मुलंमुली मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून असे संकेत लावण्याच्या नोकरीत रोज हीच वापरतात. तिच्यात एम ६५.३४१ म्हणजे उजव्या हाताच्या अनामिकेचं ट्रिगर फिंगर. ४ हा अनामिकेचा, १ उजव्या बाजूचा; डावी असती तर २.

फ्रॅक्चरचा संकेत तर याहून लांब. एस ६२.६२४ए. 'एस' म्हणजे इजा, ६२ म्हणजे मनगट आणि हाताचं फ्रॅक्चर, ६ म्हणजे अंगठा सोडून बाकीची बोटं, २ म्हणजे मधलं हाड मोडून जागेवरून सरकलंय, ४ म्हणजे उजवी अनामिका. शेवटचा 'ए' सांगतो की कातडी फाटलेली नाही आणि उपचार चालू आहेत. नवे कोडर 'ए'चा अर्थ 'पहिली भेट' असा घेतात आणि चुकतात. हाड बसवण्याचे उपचार चालू असेतो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं तरी 'ए'च राहतो. हाड नीट भरून येतंय आणि फक्त तपासणी उरली, की 'डी'. हाड जुळलंच नाही तर 'के', वाकडं जुळलं तर 'पी'.

अंगठा वेगळा का काढला? तर त्यात हाडं दोनच असतात. बाकी बोटांत तीन. 'मधलं हाड' अंगठ्याला नसतंच, म्हणून त्याच्यासाठी ६२.५ हे स्वतंत्र घर. शरीररचनेचा एवढा बारकावा आकड्यांत उतरलेला पाहिला की मला या यादीबद्दल मनापासून आदर वाटतो.

पण डॉक्टरांनी 'चौथं बोट' एवढंच लिहिलं की सगळं अडतं. अंगठ्यापासून मोजलं तर चौथी अनामिका, अंगठा सोडून मोजलं तर करंगळी. कोडरला अंदाज करायची मुभा नसते.

जन्मजात दोषांचं प्रकरण 'क्यू'. जादा बोटाला क्यू ६९, जुळलेल्या बोटांना क्यू ७०. ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरी हातात धरली म्हणून बाळाची बोटं अशी झाली, असं आजही घराघरांत बोललं जातं आणि त्या आईला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. हे थांबायला हवं. गर्भाचा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि साधारण आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी होतात. त्या पेशी मेल्या नाहीत तर बोटं जुळलेली राहतात. आईच्या हातातल्या सुरीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

घरी निघण्याआधी कार्डावर बोटाचं नाव आणि उजवं की डावं हे लिहिलंय का, ते जरूर पाहा. नुसतं 'बोट दुखतं' असं लिहिलं असेल तर संकेत पडतो एम ७९.६, म्हणजे हातापायाचं दुखणं. मग अडकलेली कंडरा त्या नोंदीत कुठेच दिसत नाही आणि विमा कंपनी इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया कशासाठी केली, असं विचारू शकते. दुरुस्ती डॉक्टरांकडूनच, तिथल्या तिथे करून घ्या.