पूर्णांक संख्या

पूर्णांक संख्या : १, २, ३, … या मोजसंख्या, त्यांच्या विरुद्ध संख्या −१, −२, −३, … आणि शून्य मिळून होणारा संख्यासमूह. शून्यापेक्षा मोठे ते धन पूर्णांक आणि लहान ते ऋण पूर्णांक. शून्य यांपैकी कशातच धरत नाहीत. अपूर्णांकांना या समूहात जागा नाही, म्हणजे −२ हा पूर्णांक आहे, −२.५ नाही. पूर्ण संख्या ०, १, २ अशा शून्यापासून पुढेच जातात. पूर्णांक संख्या दोन्हीकडे न संपणाऱ्या आहेत.

नुसत्या वस्तू मोजायला ऋण संख्येची गरज पडत नाही. झाडावर −४ आंबे असत नाहीत. एखादी खूण धरून तिच्या दोन्ही बाजूंना मोजायचे झाले, की ती लागते. खूण कुठे धरायची हे मोजणारा ठरवतो, आणि शाळेत नेमके हेच सांगायचे राहून जाते. शून्य आभाळातून पडल्यासारखा फळ्यावर मधोमध काढला जातो.

सांगलीत पावसाळ्यात ‘आयर्विनला किती झालं?’ एवढा प्रश्न पुरतो. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. तिथल्या पट्टीवरचे सगळे आकडे धन आहेत. आता पट्टीचा शून्य उचलून धोका पातळीवर ठेवा. ३८ फुटांचे पाणी −७ होते, इशारा पातळी −५ होते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ५७ फुटांवर गेलेले पाणी +१२ होते. नदी होती तिथेच आहे, फक्त वाचन बदलले. गावभागातला माणूस ‘अजून सात फूट आहे’ म्हणतो तेव्हा तो −७ च वाचत असतो. दोन वाचनांतला फरक मात्र शून्य कुठेही नेला तरी बदलत नाही : ५७ आणि ३८ मध्ये १९ फूट, +१२ आणि −७ मध्येही १९ फूटच.

दिशा सगळ्यांना ठाऊक असली की चिन्ह बोलण्यातून गळते. जत-आटपाडीकडे किंवा माण-खटावात बोअर ‘सहाशे फूट’ असते, ‘उणे सहाशे’ असे कुणी म्हणत नाही. कागदावर विहिरीची खोली आणि टाकीची उंची एकाच आकृतीत मांडायची वेळ आली, की जमिनीला शून्य मानून एकीला उणे चिन्ह द्यावेच लागते.

संख्यारेषेवर उजवीकडची संख्या मोठी. म्हणून −३ ही −८ पेक्षा मोठी. नव्याने शिकणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण त्याची नजर ८ या आकड्यावर जाते. शून्यापासूनचे अंतर म्हणजे केवल मूल्य. ते −८ चे ८ आणि −३ चे ३. केवल मूल्य मोठे असलेला ऋण पूर्णांक लहान असतो. आठ हजारांचे देणे असलेला तीन हजारांचे देणे असलेल्यापेक्षा मागे आहे, यावर गावात वाद होत नाही.

बेरजेचा व्यवहार दूध संकलन केंद्रावर दर दहा दिवसांनी दिसतो. समजा एका घरचे दूध ५,२४० रुपयांचे झाले आणि पशुखाद्याच्या पोत्यांचे ६,००० रुपये कपातीत गेले. ५,२४० + (−६,०००) = −७६०. हातात काही पडत नाही आणि पुढच्या बिलात ‘मागील बाकी’ म्हणून ७६० वरच्याच ओळीत येतात. पुढच्या दहा दिवसांत दूध ४,९०० रुपयांचे झाले आणि पोते उचलले नाही, तर −७६० + ४,९०० = ४,१४०. चिन्हे वेगळी असली तर केवल मूल्यांची वजाबाकी करून मोठ्याचे चिन्ह द्यायचे, सारखी असली तर बेरीज करून तेच चिन्ह ठेवायचे, हा पाठ्यपुस्तकातला नियम त्या बिलात आपोआप पाळला जातो. ऊसबिलातली सोसायटीची कपात आणि टोळीची उचल यांचे गणितही याच जातीचे.

कोयना धरणाचा रोजचा हिशेबही असाच, फक्त आकडे मोठे. आवक धन, विसर्ग ऋण. आवक ३०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), दरवाजांतून ४०,००० आणि पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग अशी स्थिती घेतली, तर ३०,००० − ४२,१०० = −१२,१००. हीच गती चोवीस तास टिकली तर साठा सुमारे १.०५ टीएमसीने (अब्ज घनफुटांनी) उतरतो. पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहाकडे वळवलेले पाणी यात धरलेले नाही. ते धरले की ऋण बाजू आणखी वाढते. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या धरणात ही घट किरकोळ वाटेल, पण सांगलीचे डोळे त्या ऋण संख्येवरच असतात, कारण कोयना पुढे कृष्णेला मिळते आणि धरणाला जे ऋण ते नदीला धन.

वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणे. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात थंडीत कधीकधी दवबिंदू गोठतात. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गार होते, त्यामुळे उंचावरचा तापमापक शून्याच्या बराच वर असतानाही गवतावर हिमकण दिसू शकतात. समजा तापमापकात ६ अंश आहे आणि गवतापाशी −२ अंश. फरक ६ − (−२) = ६ + २ = ८ अंश. शून्यापर्यंत सहा आणि पलीकडे दोन.

गुणाकारात ऋण गुणिले ऋण धन का, हा खरा अडणारा प्रश्न. एप्रिलमधली एखादी विहीर घ्या. पाणी रोज ३ फूट उतरते, म्हणजे बदल −३. दोन दिवसांनंतर पातळी (−३) × २ = −६, आजच्यापेक्षा सहा फूट खाली. दोन दिवसांपूर्वी, म्हणजे −२ व्या दिवशी, ती सहा फूट वर होती : (−३) × (−२) = +६. हे उदाहरण पटवते, सिद्ध करत नाही. सिद्धता वितरण नियमातून येते, म्हणजे कंसाबाहेरच्या संख्येने कंसातल्या प्रत्येक संख्येला गुणून बेरीज केली तरी उत्तर तेच येते. (−३) × [२ + (−२)] हे (−३) × ० म्हणजे शून्य असलेच पाहिजे. कंस सोडवला की −६ + (−३) × (−२) = ० उरते; म्हणून तो गुणाकार ६ शिवाय दुसरा काही असू शकत नाही.

बेरीज, वजाबाकी व गुणाकार करून पूर्णांकांच्या बाहेर जाता येत नाही. भागाकाराने जाता येते (७ ÷ २). शून्याने भागता येत नाही.

हे नियम प्रथम व्यवस्थित लिहिलेले आढळतात ते ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ (६२८) या ग्रंथात. धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार त्याने आजच्यासारखेच दिले. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य हे त्याचे विधान मात्र आज मानत नाहीत. त्याआधी चीनमध्ये गणनाकाड्या वापरून धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या काड्या मांडत, आजच्या हिशेबनिसाच्या बरोबर उलट. बख्शाली या जुन्या भारतीय गणिती हस्तलिखितात ऋण दाखवायला आजच्या अधिक चिन्हासारखी फुली आहे. भास्कराचार्य (जन्म १११४) ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात १४८९ साली योहानेस विडमान याच्या जर्मन ग्रंथात आली.

भास्कराचार्यांची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ‘लीलावती’त एका त्रिकोणाचा पाया ९ आणि भुजा १० व १७ आहेत. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन तुकडे १५ आणि −६ असे येतात. लंब पायाच्या बाहेर पडतो. ऋण म्हणजे उलट दिशा, असा अर्थ ते लावतात आणि लंब ८, क्षेत्रफळ ३६ काढून मोकळे होतात. ‘बीजगणिता’त मात्र माकडांचे उदाहरण आहे : कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसले. उत्तरे दोन, ५० आणि ५. पाच घेतले तर पाचव्या भागातून तीन वजा करताना −२ येतात, आणि उणे दोन माकडे लोकांना पटत नाहीत म्हणून ते उत्तर त्यांनी सोडले. रेषेला दिशा असते, माकडांना नसते. युरोपात १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस हा इंग्रज गणिती ऋण संख्यांच्या वापराविरुद्ध ग्रंथ लिहीत होता, हे पाहता बाराव्या शतकातला हा विवेक थक्क करणारा आहे.

संगणकात पूर्णांकांची रेषा मर्यादित असते. आठ बिटांत (० किंवा १ लिहिण्याच्या आठ जागांत) नेहमीच्या पद्धतीने −१२८ ते +१२७ एवढेच मावते.

महाराष्ट्रात पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीत आणि गुणाकार-भागाकार सातवीत येतात. सातवीत ‘उणे उणे अधिक’ पाठ झाले की सहावीचे आलेले गणित बिघडते, आणि −३ − ५ चे उत्तर +८ लिहिले जाते. तो मंत्र गुणाकाराचा आहे. इथे पहिले चिन्ह जागा सांगते, दुसरे क्रिया. ‘उणे तीन, त्यातून पाच वजा’ असे मोठ्याने वाचायला लावले, किंवा व्हरांड्याच्या फरशीवर खडूने रेषा आखून मुलाला −३ वर उभे केले आणि आणखी पाच पावले डावीकडे जायला सांगितले, की ते −८ वर थांबते.