टेबिट टेस्ट: "तुम्ही कुणाच्या बाजूने?" या प्रश्नामागची गोष्ट

६ जुलै २०२५ ला भारताने बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर पहिल्यांदाच टेस्ट जिंकली, तीही ३३६ रनांनी, गिलचे २६९ आणि १६१, आकाश दीपच्या मॅचमध्ये १० विकेट्स, आणि स्टँडमध्ये तिरंगे घेऊन नाचणारे बरेचसे लोक भारतातून गेलेले नव्हते, तिथलेच होते, तिथे जन्मलेले, तिथल्या शाळेत शिकलेले, तिथेच टॅक्स भरणारे. दुसऱ्याच दिवशी नॉर्मन टेबिट वारले, वय ९४. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नसेल पण त्या स्टँडमधल्या लोकांच्या आईवडलांना विचारा, त्यांना पक्कं आठवत असेल.

टेबिट हे ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे, पंतप्रधान थॅचरबाईंच्या अगदी विश्वासातले मंत्री. १९८१ मध्ये दंगली झाल्या आणि त्या बेकारीमुळे झाल्या असं लोक म्हणायला लागले तेव्हा "माझ्या वडलांनी ३० च्या दशकात दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम शोधलं", असं ते पक्षाच्या अधिवेशनात बोलले होते आणि तेव्हापासून ती सायकल त्यांना चिकटली ती कायमची. १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्बस्फोट झाला त्यात ते ढिगाऱ्याखाली सापडले, बायको जन्माची अपंग झाली, आणि तिच्यासाठीच पुढे त्यांनी मंत्रिपद सोडलं. म्हणजे माणूस कडक होता पण पोकळ नव्हता, हे आधी सांगायला हवं.

एप्रिल १९९० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सला मुलाखत देताना ते म्हणाले की ब्रिटनमधले बरेच आशियाई क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतात, ते कुठल्या टीमसाठी ओरडतात ते बघा, जिथून आलात तिथलेच अजून आहात की जिथे राहताय तिथले झालात. झालं, त्याला नाव पडलं टेबिट टेस्ट.

आता हे तेव्हाच का, तर विषय क्रिकेटचा नव्हताच. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात चिनी सैन्याने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या त्यानंतर हाँगकाँगचे लोक घाबरले, तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात असलेलं त्यांचं शहर १९९७ ला चीनकडे जाणार होतं, म्हणून थॅचर सरकारने ५०,००० कुटुंबांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व द्यायचा कायदा आणला आणि टेबिट आपल्याच सरकारच्या विरोधात उभे राहिले. १९८९ च्या सुरुवातीलाच ब्रॅडफर्डमध्ये भर रस्त्यात सलमान रश्दींची 'द सॅटॅनिक व्हर्सेस' ही कादंबरी जाळली गेली होती, इराणमधून त्यांच्याविरुद्ध फतवा निघाला होता, वातावरण आधीच तापलेलं. अशा वेळी "बाहेरून आलेले आपले होतात का" हे विचारायला क्रिकेट सोपं पडलं, कारण ते सगळ्यांना कळतं.

पण मला राग येतो तो वेगळ्या कारणाने, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९४८ मध्ये एम्पायर विंडरश जहाज आलं, कॅरिबियन बेटांवरून ८०० च्या आसपास माणसं इंग्लंडला आली, आणि दोनच वर्षांनी लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला पहिल्यांदा त्यांच्या घरात हरवलं, रामाधीन आणि व्हॅलेंटाइनच्या फिरकीवर. तेव्हा त्या माणसांनी मैदानात उतरून जो नाच केला तो काही इंग्लंडच्या द्वेषातून नव्हता, दिवसभर बस आणि रेल्वेत राबायचं, भाड्याने खोली मागितली तर तोंडावर दार बंद, अशा शहरात एक दुपार ताठ मानेने फिरायला मिळाली होती. आपल्याकडच्या लोकांची तशी दुपार २४ ऑगस्ट १९७१ ला आली. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ रनांत ६ काढले, १७३ करायचे होते, वाडेकर रन आउट झाला होता आणि ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपला होता, जिंकल्यावर त्याला उठवावं लागलं. आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी! म्हणून भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली आणि मैदानात फिरवली. परक्या देशात गणपती बसायच्या दिवशी दादरचा कॅप्टन इंग्लंडमध्ये पहिली सिरीज जिंकतो, हे ज्यांनी बघितलं त्यांना पुढे आयुष्यभर कोणी काय परीक्षा घेणार.

आता कायदे बघा. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर बंधनं आली. मग केनियातले भारतीय वंशाचे लोक यायला लागले, ज्यांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होता, कायदेशीर, ब्रिटिश सरकारनेच दिलेला. तर १९६८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने जेमतेम तीन दिवसांत कायदा पास केला की पासपोर्ट असला तरी चालणार नाही, तुमचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजीआजोबांचा ब्रिटनशी तसा संबंध हवा. म्हणजे १९६८ ला सरकार विचारतंय तुझा आजा कुठला, आणि १९९० ला त्याच माणसाच्या पोराला सांगतायत की आज्याचं गाव विसर. दोन्ही कसं चालेल?

आणि त्याच १९६८ मध्ये बेसिल डॉलिव्हेराचं प्रकरण झालं. केपटाउनचा, तिथल्या वर्णभेदी कायद्यात 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय ठरवलेला, देश सोडून इंग्लंडला आला, इंग्लंडकडून खेळला, याहून अजून काय पास व्हायचं? ऑगस्टमध्ये ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ केले, आणि काही दिवसांतच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याची टीम जाहीर झाली त्यात त्याचं नाव नाही. लोक भडकले, मग निवडलेला कार्टराइट जखमी म्हणून बाहेर पडल्यावर डॉलिव्हेराला घेतलं, तर दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान फॉर्स्टर म्हणाला ही टीम आम्हाला नको, आणि दौराच रद्द. तिकडचं सरकार नाराज होईल म्हणून आपल्याच शतकवीराला घरी बसवायला निघाले होते, हे मला टेबिटच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझा मामेभाऊ हॅरोला राहतो, २०११ च्या ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे होतो. ओव्हलची टेस्ट चालू, सिरीज तर आधीच हातची गेलेली, पण सचिन ९१ वर, शंभरावं शतक ९ रनांवर. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, तिकडेच जन्मलेला, मराठी अर्धवट बोलतो, फुटबॉलला इंग्लंडचा पांढरा जर्सी घालून फिरतो, तो टीव्हीच्या इतका जवळ बसलेला की वहिनी दोनदा ओरडली. ब्रेस्ननने एलबीडब्ल्यू काढला तर पोरगा उठला, काही बोलला नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला आणि रडला. वहिनीने वरणभात कालवून तिथेच नेऊन दिला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, बापाच्या शेजारी बसून मॅच बघता बघता ते आलं होतं, जसा वरणभात आला तसंच.

परत १९९० कडे. त्याच उन्हाळ्यात भारत दौऱ्यावर होता, लॉर्ड्सला गूचचे ३३३, कपिलने फॉलोऑन वाचवायला लागोपाठ चार सिक्स मारले, आणि ओल्ड ट्रॅफर्डला १७ वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ करून मॅच वाचवली. दोनच वर्षांनी हाच सचिन यॉर्कशायर या काउंटी टीमचा पहिला परदेशी खेळाडू झाला. तोपर्यंत यॉर्कशायरचा दंडक असा की त्या परगण्यातच जन्मलेला हवा. पण ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी, लीड्समध्ये जन्मलेली आशियाई पोरं तर होतीच की, ढिगाने, रविवारी स्वतःच्या लीग चालवून खेळत होती! यॉर्कशायरच्या पहिल्या टीममध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला आशियाई, अजमल शहजाद, आला २००४ मध्ये. सचिनच्या १२ वर्षं नंतर. प्रेक्षकाला विचारायचं तू कुणाचा, आणि त्याच्या मुलाला नेट्समध्ये बोलवायचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये यॉर्कशायरकडून खेळलेल्या अझीम रफिकने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तिथल्या वर्णद्वेषाबद्दल सांगितलं, बोलताना त्याला रडू आवरेना. २०२३ मध्ये स्वतंत्र आयोगाने इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये वर्णद्वेष, वर्गभेद, बायकांशी भेदभाव सगळीकडे आहे असं लिहून दिलं आणि इंग्लंडच्या बोर्डाने माफी मागितली.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही हे पण लिहितो. २०१४ मध्ये इंग्लंडचा खेळाडू मोईन अलीला एजबॅस्टनवर, म्हणजे त्याच्याच गावात, भारतीय पाठीराख्यांनी हुर्यो केली, का तर त्याची मुळं पाकिस्तानातली. तो इंग्लंडचा शर्ट घालून खेळत होता, टेबिटच्या हिशोबाने पहिल्या नंबरने पास, पण आपल्या लोकांनी त्याला आज्याच्या गावावरूनच मोजलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये शोएब बशीर, सरेमध्ये जन्मलेला २० वर्षांचा पोरगा, इंग्लंडच्या टीममध्ये निवड झालेली, त्याचा भारताचा व्हिसा वेळेत झाला नाही. बाकीची टीम हैदराबादला पोचली आणि हा अबुधाबीहून लंडनला परत, व्हिसाचा शिक्का मिळवायला. पहिली टेस्ट हुकली. दुसरी विशाखापट्टणमला खेळला आणि पहिली विकेट घेतली ती रोहित शर्माची.