नागाचे दात पाडले, तरी विष जाते कुठे?

नागपंचमीला, कायद्याने बंदी असूनही, कुठे ना कुठे टोपली उघडतेच आणि गारुडी सांगतो, ‘घाबरू नका, दात पाडलेत.’ बघ्यांचा जीव भांड्यात पडतो. इथेच घात होतो.

विष दातात नसते. ते डोळ्यामागच्या ग्रंथीत तयार होते. शिवाय नागाच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना विषदंतासाठी दोन-दोन खोबणी असतात. एकीत कामाचा दात, शेजारी त्याची जागा घेणारा, आणि मागे हिरडीत आणखी कोवळे दात वाढत असतात. दात झिजतात, भक्ष्यात मोडतात, म्हणून ही सोय. जुना गळण्याआधीच नवा पक्का बसतो, त्यामुळे कधी कधी एकाच बाजूला दोन विषदंत दिसतात.

मग नव्या दाताला विषाची नळी जोडते कोण? कुणीच नाही! ही रचना मला फार आवडते. ग्रंथीतून आलेली नळी दाताला चिकटलेलीच नसते. ती दाताभोवतीच्या मऊ आवरणात उघडते आणि तिथून विष दाताच्या मुळाजवळच्या छिद्रात शिरते. दात जुना की नवा, नळीला फरक पडत नाही.

दात आतून पोखरलेलाही नसतो. सुरळीची वडी आठवा. दात टोकाकडून मुळाकडे घडतो आणि घडतानाच त्याचा पृष्ठभाग आत दुमडतो. कडा जुळल्या की नळी तयार. म्हणजे विष वाहते ती पोकळी मुळात दाताची बाहेरचीच बाजू. रक्तवाहिन्यांचा गाभा वेगळा. नागाच्या दातावर या जोडाची बारीक शिवण दिसते, घोणशीच्या दातावर ती बहुधा बुजलेली असते.

हरणटोळात कडा जुळतच नाहीत, नुसती पन्हळ राहते, आणि हे दात जबड्यात मागे असतात. माणसाला त्याचा सहसा धोका नाही. पण मागे दात म्हणजे निर्धोक, असा नियम करू नये. आफ्रिकेतला बूमस्लँगही मागच्या दातांचाच. १९५७ मध्ये शिकागोत त्याच्या पिल्लाने कार्ल श्मिट या नामवंत सर्पतज्ज्ञाला चावा घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले.

घोणस आणि फुरसे यांचे दात धरणारे हाड आखूड असते आणि बिजागरीसारखे फिरते. म्हणून लांब दात टाळूला लागून मिटतात आणि चावताना पुढे उभे राहतात. नाग-मण्यारीचे हाड असे फिरत नाही, त्यामुळे त्यांना आखूड दातांवरच भागवावे लागते.

मण्यारीचे तर इतके बारीक की जमिनीवर झोपलेल्याला चावा कळतही नाही. घरचे अंगावर दोन खुणा शोधतात, सापडत नाहीत. मग पोटदुखीवर ओवा, नाहीतर मांत्रिकाचा अंगारा. तोवर पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वास अडतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि डोळे उघडेनात, तर खुणा शोधू नका. गाडी काढा, थेट रुग्णालय गाठा.