मंगामधले टपोरे डोळे कुणाची नक्कल?

‘जपानी लोकांना गोऱ्यांसारखं दिसायचं असतं, म्हणून मंगात, म्हणजे जपानी चित्रकथांत, डोळे एवढे मोठे,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. आधुनिक मंगाचे जनक मानले जाणारे चित्रकार ओसामू तेझुका यांच्यावर डिस्नेचा प्रभाव होता, हे खरं. पण ते वाढले ताकाराझुका गावात, तिथल्या प्रसिद्ध संगीत नाट्यमंडळीचे प्रयोग बघत. तिथे पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात; आपल्या बालगंधर्वांच्या नेमकं उलट! त्या नटींचे रंगवलेले, झगमगते डोळे तेझुकांच्या चित्रांत उतरले. आणि त्याही आधी, १९३० च्या दशकात, चित्रकार जुनइची नाकाहारा मुलींच्या मासिकासाठी टपोऱ्या डोळ्यांच्या मुली काढतच होते.

डोळा मोठा, कारण मनातलं तिथे दाखवायचं असतं. पात्र वरवर हसतं, पण बुबुळातली चमक विझलेली असते.

शिवाय मंगात शांततेलाही ध्वनिशब्द आहे: ‘शीऽऽन’. रिकामी खोली, पाऊस, वळलेली पाठ... अशा मुक्या चौकटी पहिल्या वाचनात आपण गोष्टीच्या ओढीने भराभर उलटतो. (मी तर उजवीकडून डावीकडे वाचण्यातच गुंतलो होतो.) शेवट माहीत झाल्यावर पुन्हा वाचताना नेमके तिथेच डोळे भरून येतात.